मोडलेला व्यवहार

"तुमचा एखादा मोडल्याला व्यवहार सांगा की," रत्ना म्हणाली, आणि प्रज्योतने तोंडापाशी नेलेला चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला.

पेडण्याच्या बाजारातल्या त्या चहाच्या दुकानात सकाळची गर्दी होती. केरबाने टेबलाखालून बायकोच्या पायावर पाय दिला. ज्या माणसाने आपल्याला स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून जागा दाखवली, पदरचा चहा पाजला, त्याला कुणी असलं विचारतं होय? पण रत्नाने पाय काढून घेतला आणि प्रज्योतकडे बघत राहिली.

प्रज्योत जमिनीचा दलाल. तरणाताठा, बोलायला गोड. बगलेत रेक्झिनची बॅग आणि बॅगेत निम्म्या तालुक्याचे नकाशे. समुद्राकडच्या गावांत जमिनींना भाव यायला लागले तसे असे दलाल गल्लोगल्ली दिसू लागले होते, पण त्यांच्यातही हा चलाख. तो हसून म्हणाला, "मोडलेला? ताई, मी हात घातलेला एकही सौदा आजवर मोडलेला नाही. पेडण्यात कुणालाही विचारा."

"एक बी न्हाई?"

"एकसुद्धा नाही."

"बरं," रत्ना म्हणाली आणि चहा संपवून उठली. त्या एका वाक्याने प्रज्योतने हातातलं गिऱ्हाईक घालवलं होतं. ते त्याला कळलं नाही आणि केरबालाही कळलं नाही.

घरी परतताना केरबा वैतागला. "त्यो चांगलं सांगतोय तर तू वाकडं का इचारतीस? इसार द्यायचा आन् मोकळं व्हायचं."

"मोकळं व्हायचंय म्हणूनच इचारतीया," ती म्हणाली.

केरबा गवंडी होता. गोवा घटक राज्य होण्याच्या आधीच ही दोघं गडहिंग्लजकडून इथे आली होती. त्याने हरमलात बांधलं, मांद्र्यात बांधलं, पेडण्यात तर अर्धी गल्ली त्याच्या हातची. स्वतःला मात्र भाड्याची खोली. ती खोलीही टिकायची नाही. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की यांनी भांडी उचलायची, असा जणू नियमच होऊन बसला होता. इतक्या लग्नांची जेवणं जेवून रत्ना कंटाळली होती. तिला आता स्वतःचं दार हवं होतं, आणि ते हवंसं वाटणं काही आजकालचं नव्हतं. काजूच्या कारखान्यात बिया फोडून बोटं काळी केली ती त्याचसाठी.

मोडलेल्या सौद्याचा प्रश्न तिला त्या कारखान्यातच मिळाला होता. शेजारी बसणारी तारा मांद्र्याची. तिच्या दिराने जागा घेतली आणि आता तो घरात कमी आणि कोर्टात जास्त दिसायचा. ताराने काजू सोलता सोलता सांगितलं होतं, "दलालाक झालेले व्यवहार इचारू नको गो. ते तो सगळ्यांका सांगता. मोडलेले इचार. जागेत काय खोट गावली तर दलालान ती मोडूक व्हयी मगे? जेणां कधीच काय मोडूक नाय, तेणां एक तर डोळे धांपलेत, नायतर तोंड."

रत्नाला हे पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि ती जागा मनातून काढणं वेगळं. पेडण्याच्या बाहेर, चढाला लागण्याआधी रस्त्याच्या कडेला सपाट तुकडा होता. मागे काजूची झाडं, पलीकडे विहीर, आणि वर चढणीच्या खडकावर विठ्ठलचं घर. मालक हा विठ्ठलच. जागा पाहिली त्या दिवसापासून रत्नाचं जेवणात लक्ष नव्हतं. जागा हीच घ्यायची हे तिचं ठरलं होतं. फक्त ती कुणाच्या हातून घ्यायची, एवढाच प्रश्न उरला होता.

ताराच्याच सांगण्यावरून ती सगुणकडे गेली.

सगुण ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता आणि केरसुणीसाठी झावळ्यांचे हीर काढत होता. वय झालेलं, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. पूर्वी जमिनीची मोजणी झाली तेव्हा तो सरकारी साखळी ओढत गावोगाव हिंडला होता. नंतर लोक हद्दी विचारायला येऊ लागले, मग गिऱ्हाईक आणा म्हणू लागले, आणि सगुण आपसूक दलाल झाला. दलाल या शब्दाचा त्याला राग होता, पण दुसरा शब्द कुणी दिला नव्हता.

रत्नाने पायरीवर बसून तोच प्रश्न विचारला.

सगुणने हीर काढायचं थांबवलं नाही. "किती सांगू?" तो म्हणाला.

आतून त्याची बायको पार्वती बोलली, "इचार गो बाय, इचार. झालेले दोन हातान मोजूक जातीत. मोडलेल्यांक गाव पुरूचो नाय. म्हणान तर घराक कौलां नाय."

"कोरगावचो विजय," सगुण म्हणाला. "तेका इचार. तो वर्षभर माझ्याकडे बोलूक नाय. आणि हरमलच्या सुपारीवाल्याक इचार, तो अजून गाळी घालता. बघ, मी तुका माझी नाचक्की सांगतंय. चांगला इचारलंस पण. लोक येतत ते माका टक्के किती, इतक्याच इचारतत."

रविवारी रत्ना कोरगावला गेली. विजय म्हापशाच्या कचेरीत कारकून होता. तो अंगणात माडाला पाणी घालत होता. सगुणचं नाव काढताच त्याच्या कपाळावर आठी आली आणि मग गेली.

"सगुणान माझी जागा मोडल्यान," तो म्हणाला. "मी इसार घेवन तयार, आणि हो मधीच म्हणता, नको. कित्या? तर म्हणे कोपऱ्यार एक खोप आसा, तेतूर म्हातारो ऱ्हवता, तो मुंडकार, तेका कायद्यान काढूक येवचा नाय. मी म्हटलां, म्हातारो किती दिस जगतलो? तर माका म्हणता, तेका काढून घर बांधूचा असला तर दुसरो दलाल बघ. मी भडकलंय. वर्षभर तोंड बघूक नाय तेचा."

"आन् मग?"

"मागीर कायद्यान तो म्हातारो थंयच ऱ्हवलो. जेणां ती जागा घेतल्यान, तो अजून कोर्टात हेलपाटे मारता." विजयने पाण्याची बाल्दी खाली ठेवली आणि आपल्या घराकडे हात केला. "ह्या घराची जागा? ही माका सगुणानच दिल्यान."

रत्ना परत आली ती पक्कं ठरवून. केरबाने प्रज्योतला काय सांगायचं म्हणून कुरकुर केली. ती म्हणाली, त्याला सांगा बायको ऐकत नाही. हे कारण केरबाला फार सोयीचं वाटलं, कारण ते खरंही होतं.

सगुणने काम हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी विठ्ठलच्या अंगणात रत्नासमोर विचारलं, "विठू, भावंडां किती तुमी?"

"एक बहीण आसा, सुलोचना. तेरेखोलाक दिल्या," विठ्ठल म्हणाला. "ती काय म्हणतली? चवथीक येता, जेवता, जाता. सही करूक बोलवतंय की मी तिका."

"बोलवतलंस खरो. पण काय सांगून बोलवतलंस?"

विठ्ठल कोंबड्यांकडे बघू लागला.

वाटेवर सगुणने रत्नाला समजावलं. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा. बापाची जागा असेल तर बहिणीशिवाय विकता येत नाही. नवरा असला तर त्याचीही सही लागते. सुलोचनेचा नवरा वारला होता, तेव्हा तिची एकटीची सही पुरे. पण ती सही ज्या हातून यायची, त्या माणसाला आपण काय देतोय हे माहीत हवं. "मी तेरेखोलाक जातंय," तो म्हणाला. "तिका सांगतंय, मागीर बघूया."

"मी बी येते," रत्ना म्हणाली.

तिला त्यात धोका दिसला नाही. बहिणीची सही म्हणजे एक रीत, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिच्या माहेरी बाप गेला की भाऊ बहिणींना बोलावतात, जेवू घालतात, तलाठ्यासमोर सही घेतात आणि लुगडं नेसवून वाटेला लावतात. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. निदान वाटलेलं कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून रत्ना आदल्या दिवशी पेडण्याच्या बाजारात गेली आणि सुलोचनेसाठी एक साडी घेऊन आली. विठ्ठलने दिली नाही तर निदान आपल्याकडून असावी, इतका साधा विचार. साडी निवडायला तिला बराच वेळ लागला. कंजूषपणा केला असं त्या बाईला वाटू नये, ही काळजी होती.

केरीपर्यंत बस, तिथून फेरी. नदी ओलांडताना रत्नाने साडीची पिशवी मांडीवर धरली होती.

सुलोचना किल्ल्यावरच्या हॉटेलातल्या चादरी धुण्याचं काम करायची. ती दिराच्या घरामागे एका खणात राहत होती. त्या खणाला उजेड यायला एकच लहान जनेल होतं, आणि त्याच्यापुढे दिराने लाकडं रचून ठेवली होती. तिने बाहेर दगडावर दोघांना बसवलं, काळा चहा आणि पावाची पोय आणून दिली. बाई रत्नापेक्षा थोडी मोठी, हात पाण्याने पांढरे पडलेले.

सगुणने चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलून घेतलं. मग म्हणाला, "सुलूबाय, तुझ्या बापायची रस्त्याकडची जागा विठू इकूक काढता. तुका काय सांगल्यान?"

"घराक कर्ज काढूचा आसा, तेची सही म्हणालो," सुलोचना म्हणाली.

"कर्जाची न्हय. इकूची. तेतूर अर्धो वांटो तुझो. सही केलंस काय तो गेलो, मागीर परत येवचो नाय. सही करूक नाय तर हो सौदो जावचो नाय. घेणारी ही रत्नाबाय, माणसां चांगली आसत, पैसे वेळेर देतीत, तेतूर तुझो अर्धो तुका गावतलो. विठू देवक नाय तर मी देवक लावतंय. पण पैसे घेवचे काय जागा ठेवची, ता तुझा."

रत्नाला वाटलं, याला आपण निवडलं. कोरगावपर्यंत पायपीट करून, नवऱ्याशी भांडून, हा माणूस आपण निवडला. आणि हा आपल्याच समोर आपलं घर मोडतोय. तिला त्याचा भयंकर राग आला. प्रज्योत असता तर या बाईने आतापर्यंत अंगठ्याला शाई लावली असती.

ती घाईने पुढे झाली आणि साडी काढून सुलोचनेच्या पुढ्यात ठेवली. "अक्का, ह्ये तुमास्नी."

"ह्या कित्या?"

"आमच्याकडं भैनीनं सई केली की तिला लुगडं करत्यात. रीत हाय."

सुलोचनेने साडीला हात लावला नाही. ती तिरकस बोलणारी बाई नव्हती. तिने खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "तुका पण दिल्यानी?"

"व्हय. बापू गेला तवा. हिरवी इरकल."

"बरी होती?"

"चांगली होती. अजून हाय."

"आणि जमीन किती होती गो?"

रत्नाने सांगायला तोंड उघडलं. जमीन नदीकाठची होती. काळी होती. ऊस व्हायचा, बांधावर तूर व्हायची, बाप तिला खांद्यावर घेऊन मोटेकडे न्यायचा. पण किती होती? ते तिने कधी विचारलंच नव्हतं. दलालाला उलटेपालटे प्रश्न विचारणारी ही बाई, आपल्या बापाची जमीन किती हे भावांना विचारायला विसरली होती. खरं तर विसरलीही नव्हती. विचारायचं असतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भावांचा असा राग आला की डोळे भरून आले. इतकी वर्षं तो राग कुठे होता कोण जाणे.

सुलोचना तिच्याकडे बघत होती. मग ती सगुणला काही न विचारता रत्नालाच म्हणाली, "तुका जागा व्हयी. तूच सांग बाय. सही करू काय नको?"

सगुणने मान खाली घातली. इथे त्याचं काही काम नव्हतं.

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. सुलोचनेने सही केली असती, पैसे मिळाले म्हणून कदाचित खूषही झाली असती. रत्नाला ते कळत होतं. तिला जागा हवी होती, या घटकेलाही हवी होती, आणि उद्याही हवी असणार होती.

"मला इचारू नगासा, अक्का," ती शेवटी म्हणाली. "मला जागा पायजे. मी सई कराच म्हननार. तुमी आमच्यासंगं चला. जागा डोळ्यांनी बगा, पायाखाली घाला, मग काय ती सई करा. न बगता करू नगासा." आणि जरा थांबून म्हणाली, "मी केली."

सुलोचनेने उठून हात पुसले. दिराच्या घरात जाऊन काही सांगितलं, मोठ्याने काही ऐकून घेतलं, आणि चपला घालून बाहेर आली. साडी तिने घडी न मोडता रत्नाच्या पिशवीत परत ठेवली.

उन्हं कलताना ते तिघं विठ्ठलच्या जागेवर पोचले. सुलोचना काजूच्या झाडांतून फिरली, विहिरीत वाकून पाहिलं, रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिथे वारा होता. समोरचं शेत, त्यापलीकडचा बाजार, सगळं मोकळं दिसत होतं. लाकडं कुठेच रचलेली नव्हती.

"मी हंय ऱ्हवतंय," ती म्हणाली. "खोप घालतंय."

विठ्ठल घरातून धावत आला. बहिणीला बोलला, सगुणला बोलला, रत्नालाही बोलला. कुणी शिकवलं, कुणी फितवलं, घाट्यांनी आमच्या घरात भांडणं लावली, सगळं बोलून झालं. सुलोचना ऐकत होती आणि जागेवरून हलली नाही. वाटणी रीतसर करू, वरचा खडक आणि घर तुला, सपाट माझं, एवढंच ती म्हणाली. विठ्ठल पाय आपटत घरात गेला. सपाट तुकडा गेल्यावर उरलेल्या खडकाला कोण विचारणार, हे त्याला ठाऊक होतं.

सगुण रत्नाजवळ आला. "बाय, तुझो व्यवहार मी मोडलो."

"तुमी न्हाई, सगुणकाका," ती म्हणाली. "मी मोडला."

त्यानंतर मात्र तिला बसावंसं वाटलं. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि पदराने तोंड पुसलं. रडायला आलं तर येऊ दे, इथे कोण बघतंय, असं तिला वाटलं. पण आलं नाही.

कामावरून सुटलेला केरबा खांद्यावर थापी-ओळंब्याची पिशवी घेऊन चढाकडे आला. जागेचं काय झालं हे विचारायलाच तो इकडून आला होता. त्याने सुलोचनेला पाहिलं, घराचं बंद दार पाहिलं, आणि बायकोचा चेहरा पाहिला.

"न्हाई जमलं?"

"न्हाई जमलं. अक्का ऱ्हानार हायत हितं." रत्ना उठून उभी राहिली. "दुसरी बगायची. दलाल मात्र ह्योच."

केरबाने सगुणकडे पाहिलं, मग पुन्हा बायकोकडे, आणि पिशवी खाली ठेवली.

सुलोचनेला धीर नव्हता. वाटणी कागदावर कधी व्हायची ती होवो, आपली खोप कुठे येईल ते तिला आजच बघायचं होतं. सगुणने विहिरीवरून सुंभाची दोरी आणली. एक टोक तिने स्वतः धरलं, सगुण दगड ठेवत पुढे निघाला. कोपऱ्यावर दोरी वळली तशी केरबाच्याने बघवेना. "कोपरा चुकतोय काका," म्हणत तो पुढे झाला, पिशवीतून गुण्या काढला आणि गुडघ्यावर बसून कोपरा सरळ करू लागला.

दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. रत्ना रस्त्यावरून खाली उतरली आणि तिने ते धरलं. ती उभी होती त्याच जागी तिने मनातल्या मनात आपली चूल मांडली होती, तोंड विहिरीकडे करून. हे तिने केरबालाही सांगितलं नव्हतं.

"ओढ गो बाय," पलीकडून सुलोचना म्हणाली. "सैल पडता."

रत्नाने काळ्या बोटांना दोरीचा एक वेढा दिला आणि ताण पुरेसा बसेपर्यंत ती मागे सरकत गेली.